मदत हवी आहे: रॅडबर्नचे 1884 चे विजय 59 की 60?

प्रॉव्हिडन्स ग्रेज या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) चार्ल्स 'ओल्ड हॉस' रॅडबर्न याच्या कारकिर्दीचा तक्ता करतोय. बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर धरतात. 1884 च्या रकान्यात अडलोय. काही ठिकाणी 60 विजय, काही ठिकाणी 59. फरक कुठला ते सापडलं: 28 जुलैचा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना. ग्रेजचा दुसरा पिचर सायक्लोन मिलर 5 इनिंग टाकून, संघ आघाडीवर असताना बाहेर आला, उरलेला सामना रॅडबर्नने संपवला. आजच्या नियमाने विजय मिलरचा. तेव्हा तो रॅडबर्नच्या नावावर गेला. ऑक्टोबरमधले, मोसम संपल्यानंतरच्या मालिकेतले न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धचे 3 विजय दोन्ही आकड्यांत धरलेले नाहीत, त्यामुळे तो घोळ नाही. 60 लिहून तळटीप देता येईल, पण मग त्याच मोसमातल्या इतर पिचरनाही तोच निकष लावायला हवा, नाहीतर तुलना लंगडी. 1884 च्या नॅशनल लीगची (ग्रेज ज्यात खेळत ती स्पर्धा), पिचर मध्येच बदललेल्या सामन्यांची सामनावार यादी कुठे मिळेल?