अमेरिकन चेस्टनट परत येणार का?

सत्तरीकर: भाचा अमेरिकेत असतो, सांगत होता तिकडच्या चेस्टनटला (खायच्या बियांचं जंगली झाड) 1904 मध्ये न्यूयॉर्कात बुरशी दिसली नि पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. मग आमच्या मानकुराद आंब्यासारखं कलम का नाही बांधत?

कुळागरवाला: अरे कलमाने काय होणार, वरचं खोड अमेरिकनच ना, बुरशी सालीतूनच शिरते. म्हणून या बुरशीला दाद न देणाऱ्या चायनीज चेस्टनटशी क्रॉस, मग ते पिल्लू परत अमेरिकनशी, असं तीनदा केलं की 15/16 अमेरिकन. पण प्रतिकारशक्ती बऱ्याच जीन्समध्ये विखुरलीय, दर क्रॉसला थोडी गळते.

फोंड्याची ताई: मुळं जिवंत असतात हां, फुटवे येतात, जरा मोठे झाले की परत रोग. बिचारी!

सत्तरीकर: म्हणजे नातवंडांनाच बघायला मिळणार म्हणा.