मदत हवी आहे: मिंट 22 वर 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस', पुढे अ‍ॅप्ट, पीपीए की फ्लॅटपॅक?

सातपुडा_पायथा (चोपडा)
राम राम मंडळी. अभ्यासिकेत आठ डेस्कटॉप आहेत. सगळ्यांत 4 जीबी रॅम, 120 जीबी एसएसडी आणि लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टिम. ब्रॉडबँड नाही, हॉटस्पॉटवर दिवसाला 1.5 जीबी मिळतो. काम मुख्यतः मराठी टायपिंग आणि लिबरऑफिसचं.

नवं लिबरऑफिस हवं म्हणून एका मशीनवर पीपीए (मूळ भांडाराबाहेरचा, कुणी वेगळा चालवलेला सॉफ्टवेअरचा स्रोत) जोडला. ओळ हाताने टाकली, तीत 'जॅमी' असं होतं. आता लिबरऑफिस टाकायला गेलं की 'डिपेंड्स: लिबआयसीयू70 बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल' आणि खाली 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' येतं. दुसऱ्या मशीनवर अपडेट चालू असताना लाइट गेली, तिथे 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम मध्येच थांबला) दिसतंय. दोन्ही कसं सोडवायचं, आणि यापुढे सॉफ्टवेअर कुठून घ्यावं?

पांझरा (धुळे)
भाऊ, चूक त्या एका शब्दात आहे. मिंट 22 चा पाया उबुंटू 24.04, म्हणजे 'नोबल'. 'जॅमी' म्हणजे 22.04. जॅमीसाठी बांधलेलं पॅकेज लिबआयसीयू70 (सोबत लागणारी लायब्ररी) मागतं, नोबलमध्ये लिबआयसीयू74 आहे. 70 ची डेब फाइल (पॅकेजची सुटी फाइल) कुठूनतरी शोधून टाकू नका. एक अवलंबित्व भागेल, मागून दुसरं उभं राहील.

अ‍ॅप्टने (मिंटमध्ये पॅकेज उतरवून बसवणाऱ्या साधनाने) तुमचं साधं लिबरऑफिस सोडून पीपीएचंच का धरलं, ते 'अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी लिबरऑफिस-कोअर' दिल्यावर दिसेल. दोन्ही स्रोतांपुढे 500 हाच प्राधान्यक्रम असेल. प्राधान्य सारखं असलं की वरची आवृत्ती जिंकते, मग ती बसो वा न बसो.

आता 'सॉफ्टवेअर सोर्सेस' उघडा, पीपीएच्या यादीतून ती ओळ काढा आणि 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट' द्या. पीपीएचे काही तुकडे आधीच आत शिरले असतील तर त्याच प्रोग्रॅममधलं 'डाउनग्रेड फॉरेन पॅकेजेस' वापरा, म्हणजे मूळ आवृत्त्या परत येतील. पुढे कधी पीपीए जोडलाच तर ओळीत 'नोबल'च हवं. मिंटचं स्वतःचं नाव 'विल्मा' टाकलं तरी चालणार नाही, कारण पीपीए उबुंटूच्या नावाने बांधलेले असतात.

लाइट गेलेल्या मशीनवर आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', ते पूर्ण झालं की 'सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. क्रम हाच ठेवा. लॉक (एका वेळी एकाच प्रोग्रॅमने पॅकेजं बदलावीत म्हणूनची खूण) असल्याचा संदेश आला तर लॉकची फाइल अजिबात पुसू नका. बहुतेक वेळा मागे अपडेट मॅनेजर चालू असतो, तो संपू द्या. चालू काम अर्ध्यात असताना लॉक पुसला तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडू शकते, आणि ते दुखणं आत्ताच्यापेक्षा मोठं.

तापीकाठ (भुसावळ)
निवडीबद्दल माझं मत ठाम आहे: तुमच्या आठही मशीनवर पाया मिंटच्याच भांडारातून, आणि पीपीए शून्य. पीपीएमधल्या पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वोच्च हक्काने चालते. म्हणजे पीपीए जोडणं हे अनोळखी माणसाच्या हातात अभ्यासिकेची किल्ली देण्यासारखं आहे. भांडारात लिबरऑफिस 24.2 आहे, मराठी मजकुराला ते पुरून उरतं. मेनू मराठीत हवे तर 'लिबरऑफिस-एल10एन-एमआर', इनस्क्रिप्ट कीबोर्डसाठी 'आयबस-एम17एन', अक्षरांसाठी 'फॉन्ट्स-देवा'. फायरफॉक्स मिंट स्वतःच डेब स्वरूपात देतं, त्याला हात लावू नका.

एखादा प्रोग्रॅम खरंच नवाच लागला तर तेवढाच फ्लॅटपॅकमधून (मूळ पॅकेजांपासून वेगळे राहणारे प्रोग्रॅम) घ्या. त्यांचं भांडार फ्लॅटहब मिंटमध्ये आधीच जोडलेलं असतं. पहिल्या प्रोग्रॅमसोबत रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅमांना लागणारा सामायिक पाया, उतरतो, तो शेकडो एमबीचा. त्याच रनटाइमवरचा दुसरा प्रोग्रॅम मात्र हलका पडतो. फायदा असा की मध्येच लाइट गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते. मराठी भाषांतर आलं नाही तर 'फ्लॅटपॅक कॉन्फिग --सेट लँग्वेजेस' पुढे अवतरणात 'ईएन;एमआर' द्या आणि मग 'फ्लॅटपॅक अपडेट' करा.

स्नॅप (उबुंटूचा फ्लॅटपॅकसारखाच प्रकार) मिंटने मुद्दाम अडवलेलं आहे, तसंच राहू द्या. ते दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं, हॉटस्पॉटवर ते परवडत नाही.

तुमची खरी अडचण डेटाची आहे. अपडेट 300 एमबीचं असेल तर आठ मशीनना 2.4 जीबी लागतात, म्हणजे दिवसाच्या कोट्याबाहेर. एका मशीनवर 'अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी' (उतरलेली पॅकेजं साठवून बाकीच्यांना देणारा प्रोग्रॅम) टाका, ते 3142 पोर्टवर ऐकतं. त्या मशीनला राउटरमधून कायमचा आयपी द्या. बाकी सात मशीनवर 'इटीसी/अ‍ॅप्ट/अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी' मध्ये '01प्रॉक्सी' नावाची फाइल करून तीत 'अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी' पुढे त्या मशीनचा पत्ता आणि पोर्ट अवतरणात लिहा, शेवटी अर्धविराम. पॅकेज एकदाच उतरेल, बाकीच्यांना लॅनवरून मिळेल.

सातपुडा_पायथा
पीपीए काढला, लिबरऑफिस बसलं. लाइट गेलेलं मशीनही दुरुस्त झालं. कॅशर लावला, सहा मशीनवर चालतोय. सातव्यावर मात्र एका स्रोतासाठी '403 कनेक्ट डिनाइड' येतंय.

तापीकाठ
तो स्रोत एचटीटीपीएस असणार. मिंट आणि उबुंटूची मूळ भांडारं साध्या एचटीटीपीवर असतात, म्हणून बाकीच्यांना अडलं नाही. त्याच फाइलमध्ये दुसरी ओळ घाला: 'अक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी' पुढे अवतरणात 'डायरेक्ट', इंग्रजी मोठ्या अक्षरांत. तो स्रोत थेट उतरेल, त्याचा डेटा मात्र वाचणार नाही. आधी तो कुणी आणि कशासाठी जोडला ते बघा, नको असेल तर काढूनच टाका.

पांझरा
एक राहिलं. कॅशरचं मशीन बंद असेल तर बाकी सातांचं अपडेट अडकेल. सकाळी तेच आधी चालू करा आणि यूपीएस एकच असेल तर तोही त्यालाच द्या. फ्लॅटपॅक या कॅशरमधून जात नाही. त्यासाठी 'फ्लॅटपॅक रिमोट-मॉडिफाय' ने फ्लॅटहबला कलेक्शन आयडी द्या, मग 'फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी' ने प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकी मशीनवर इन्स्टॉल करताना '--साइडलोड-रेपो' ला पेनड्राइव्हवरच्या '.ओएसट्री/रेपो' फोल्डराचा मार्ग द्या. ते फोल्डर ठिपक्याने सुरू होतं, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसेल.