फुकट नॅसचा खरा खर्च

'ट्रूनॅस फुकट आहे, जुना पीसी असला की खर्च शून्य' असं एकांनी लिहिलंय, ते काही पटलं नाही. ट्रूनॅस म्हणजे जुन्या पीसीचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारं मशीन, बनवणारं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर फुकट, आणि झेडएफएससारखी फाइलसिस्टीम (डिस्कवर डेटा नीट, सुरक्षित ठेवणारी व्यवस्था) फुकट मिळणं ही खरंच मोठी गोष्ट. पण मशीन चोवीस तास चालतं. माझा जुना डेस्कटॉप चार डिस्कसकट ६० वॉट खातो, म्हणजे वर्षाला सुमारे ५२५ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी सव्वापाच हजार झाले.

त्यात आमच्या सोलापूरचा उन्हाळा. पारा ४२-४३ वर गेला की माडीवर ठेवलेल्या डिस्क दुपारी ५२ अंशांपर्यंत तापायच्या. त्यांच्यावर चादरी-टॉवेलांची जकार्ड डिझाइनं (मागावर विणायची नक्षी) साठवलेली आहेत, जीव टांगणीला लागायचा. शेवटी मशीन तळमजल्यावर आणलं, डिस्कच्या तोंडाशी मोठा पंखा लावला, तेव्हा कुठे ४४ वर आल्या.

यूपीएसची बॅटरीही दर तीनेक वर्षांनी बदलावी लागते, ती हिशेबात धराच. डिस्क घेताना सीएमआरच घ्या, म्हणजे जिच्यावर डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिल्या जातात ती. एसएमआर, म्हणजे एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांची डिस्क, स्वस्त पडते, पण एक डिस्क गेल्यावर नवीन डिस्कवर डेटा पुन्हा भरून निघायला फार वेळ लागतो. आणि रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) म्हणजे बॅकअप नव्हे; आणखी एका बाहेरच्या डिस्कचे पैसे आधीच बाजूला काढा.