घरचे पहिल्यांदाच नागपूरला येताहेत, कॉलेजच्या आसपास काय दाखवू?

कृष्णाकाठची

नमस्कार, मी मूळची सांगलीची, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजला सिव्हिल सेकंड इयरला आहे. ॲडमिशनला बाबा एकटेच आलेले आणि कागदपत्रं देऊन त्याच रात्री परत गेले, त्यामुळे घरच्यांनी नागपूर असं बघितलेलंच नाही. आता डिसेंबरमध्ये आई, बाबा, आजी आणि सातवीतला भाऊ असे चौघं महाराष्ट्र एक्सप्रेसने येताहेत, शुक्रवारी संध्याकाळी पोचतील आणि सोमवारी परत. शनिवारी दुपारपर्यंत माझं सबमिशन आहे, तोवर त्यांना त्यांचं त्यांनाच फिरावं लागेल.

आजी ७८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पायऱ्या फार चढवत नाहीत. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांना मशीन, पूल, रेल्वे असलं काही दाखवलं की खूश. भावाला फक्त वाघ पाहिजे. मला स्वतःला कॅम्पस, बर्डी (सीताबर्डी) आणि फुटाळा तलाव सोडून काहीच माहिती नाही. एक दिवस बाहेर काढायचा तर रामटेक की सेवाग्राम? बजेट बेताचंच आहे. आजी एवढा एक दिवसाचा प्रवास करून फक्त मला बघायला येतेय, तिला कंटाळा येऊ नये एवढंच वाटतं.

धरमपेठवाला

ताई, सगळ्यात आधी एक काम कर, विधानसभेचं हिवाळी अधिवेशन कोणत्या तारखांना आहे ते पाहून घे. त्या दिवसांत बर्डी, सिव्हिल लाइन्सकडच्या रूम भरून राहतात, भाव वाढतात, मोर्चे असले की रस्ते बंद. कॉलेजच्या गेस्ट हाऊसला आजच विचार, नाही मिळालं तर बजाज नगर, लक्ष्मीनगर, धरमपेठ इकडंच रूम घे म्हणजे तुला पण जवळ पडते. आणि स्वेटर आणायला सांग, शाल नाही, स्वेटर. सांगलीच्या लोकांना आमची डिसेंबरची सकाळ माहीत नसते, पारा १० च्या खाली जाते कधी कधी.

शनिवारी सकाळी तू सबमिशनला गेली की त्यांना आधी तर्री-पोहे खाऊ दे, कस्तुरचंद पार्कजवळ मिळतात तसे कुठंच नाही. चण्याचा झणझणीत रस्सा पोह्यावर ओततात, तुम्ही मिसळीचा कट खाणारे लोक, तुम्हाला आवडेलच, पण आजीला तर्री वेगळी वाटीत घेऊन दे. तिथून अजब बंगला जवळ आहे, म्हणजे सेंट्रल म्युझियम, १८६३ चं आहे, पेंढा भरलेले प्राणी, जुन्या मूर्ती, शस्त्रं, नाणी, भावाचे दोन तास आरामात जातात. सोमवारी बंद असते म्हणून शनिवारीच करा.

आता तुझ्या बाबांसाठी. सीताबर्डी स्टेशनवरून खापरीकडे जाणारी मेट्रो घ्या आणि छत्रपती चौकाला उतरून खालून वर पाहायला सांग. खाली वर्धा रोड, त्याच्यावर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, आणि सगळं एकाच ओळीतल्या खांबांवर उभं, ३.१४ किलोमीटर. तू सिव्हिलची आहेस नं, तर तूच समजावून सांग त्यांना, लोड कसा खाली येते वगैरे. परत येताना लोकमान्य नगरची लाइन पकडली तर खिडकीतून अंबाझरी तलाव दिसते, आजीचं तेवढंच बसल्या जागी फिरणं होऊन जाईल.

सीताबर्डीचा किल्ला मात्र प्लॅनमध्ये नको, तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच लोकांना उघडतात.

मुलगा_हॉस्टेलवर

बाळा, मी नाशिकची, माझा मुलगा चार वर्षं तिथेच होता, मागच्या वर्षी पास झाला, म्हणून लिहावंसं वाटलं. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा त्याने पण अशीच लिस्ट केली होती, दोन दिवसांत आठ ठिकाणं, रिक्षातून उतरा, बघा, परत बसा. मी त्याला काही बोलले नाही पण मला खरं तर तो कुठे जेवतो ते बघायचं होतं. रोज फोनवर "मेसमध्ये जेवलो" ऐकायचे ना, ती मेस कशी आहे, ताटात काय येतं, पाणी कुठून पितो, आजारी पडला होता तेव्हा कुठल्या दवाखान्यात गेला होता, हे. शेवटच्या दिवशी तासभर मिळाला तेव्हा त्याने लायब्ररीतली त्याची नेहमीची खुर्ची बाहेरून दाखवली. त्या ट्रिपमधलं मला तेवढंच नीट आठवतं.

म्हणून सांगते, शनिवारी दुपारनंतरचा अख्खा वेळ कॅम्पसलाच दे. झाडी भरपूर आहे, रस्ते सपाट आहेत, आजीला बाकावर बसवून तुझ्या मैत्रिणींना बोलाव. आजीला मैत्रिणींची नावं आधी पाठ करून दे, फोनवर ऐकलेली नावं समोर आली की त्या किती बोलतील बघ. गेस्टना मेसमध्ये जेवता येतं का, हॉस्टेलच्या कुठपर्यंत येता येतं हे वॉर्डन मॅडमना आधीच विचारून ठेव, गेटवर आजींना उभं राहायला लागू नये.

जुना_व्हीआरसीईवाला

आमच्या वेळी या कॉलेजला व्हीआरसीई म्हणायचे, अजूनही जुन्या रिक्षावाल्यांना तेच नाव कळतं. वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात फक्त दीक्षाभूमी घाला, कॅम्पसपासून ऑटोने अगदी जवळ. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती जागा, आणि एवढा मोठा स्तूप आतून पूर्ण पोकळ आहे. सिव्हिलची मुलगी आणि वर्कशॉपमधले वडील, दोघांनी आत उभं राहून वर बघावं. आवारात अनुराधापुरच्या बोधिवृक्षाचं रोप लावून वाढवलेलं झाड आहे, आजी तिथे सावलीत शांत बसू शकतील.

रविवारचं म्हणशील तर रामटेक सुंदर आहे, गडावरून खालचे तलाव दिसतात, कालिदासाचं स्मारक आहे, गाडीही बरीच वर जाते. पण तरी पायऱ्या आहेतच, आणि माकडं हातातली पिशवी ओढतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं. रामटेक तू मैत्रिणींबरोबर कर. घरच्यांना सेवाग्रामला ने.

सेवाग्राम पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, सगळं सपाट, मातीच्या भिंतींच्या कुट्या, मोठाली झाडं. गांधीजी १९३६ पासून तिथे राहिले. भावाला तिथला जुना टेलिफोन आणि साप न मारता पकडायचा लाकडी चिमटा दाखव, तो वाघ विसरेल. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, १९३८ चं, चरखे, घाण्या, ग्रामोद्योगाची अवजारं, तुझ्या बाबांना तिथून बाहेर काढावं लागेल. रविवारच्या वेळा मात्र निघण्याआधी फोन करून विचार. आणि कार कशाला करता, गणेशपेठ स्टँडवरून वर्ध्याला एसटी आहेत. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट, तुला आणि आईला अर्धं तिकीट. आजींचं आधार कार्ड विसरू नका.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, मेसचं वाचून मी आईला फोन केला, तर ती म्हणाली की हो ग, मला तेच बघायचंय, तू चिडशील म्हणून बोलले नाही. सेवाग्राम फिक्स. आजीचे वडील बेचाळीसनंतर स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारात होते, ती लहानपणापासून त्याच गोष्टी सांगते, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि एसटीने जायचंय म्हटल्यावर बाबा फोनवरच खूश.

दोन प्रश्न उरलेत. वाघाचं काय करू, भाऊ ऐकत नाहीये. आणि बाबांना सावजी मटण (ते नागपूरचं झणझणीत) खायचंय, झेपेल का?

धरमपेठवाला

वाघासाठी गोरेवाड्याची बस सफारी आहे, पण रविवार वर्ध्यात चालला तर वेळ उरत नाही. महाराजबाग प्राणीसंग्रहालय अजब बंगल्याच्या जवळच आहे, शनिवारी सकाळीच जोडून घ्या, तिकीट पण परवडते.

सावजी दुपारी खायचं, रात्री नाही, आणि सोमवारी गाडीत बसायच्या आधी तर अजिबात नाही. पहिल्यांदा आहे तर मटणाऐवजी पाटोडी-रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) मागवा, तिखट तेच पण पोटाला जरा हलकं. आजीला सांबारवडी खाऊ घाल, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीचं सांबार नाही ते, आधीच सांगून ठेव.

आणि संत्री न्यायची असतील तर डिसेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडांची असतात, घट्ट सालीची घ्या, सुटलेल्या सालीची रस्त्यातच दबतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात कागद अंथरून भरा, सांगलीपर्यंत चांगली राहतात.