अनुभव धागा: ओढ्यात, तळ्यात, खाडीत हाताने केलेली कामं

धागा काढणारी, पुणे

जून उजाडला की 'चला, झाडं लावू या' सुरू होतं. खड्डा, रोप, फोटो, वडापाव. ते इथे नको. नदी, ओढा, तळं, खाडी, टेकडी, कुठेही तुम्ही नेमाने जाऊन हात काळे केले असतील तर लिहा. काय लावलं याहून काय उपटलं आणि एप्रिलमध्ये पाणी कोणी घातलं, हे वाचायला मला जास्त आवडेल. संस्थांच्या जाहिराती कृपया टाळा.

सुरुवात मीच करते. आमचा गट रामनदीच्या एका तुकड्यावर काम करतो. ही नदी भूगाव, बावधन, पाषाण करत औंधला मुळेला मिळते. आमचं मुख्य काम जलपर्णी काढणं. ओली जलपर्णी म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे उचलताना कंबर मोडते. काढून काठावरच ढीग घातला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत नदीत. म्हणून वर रस्त्यापर्यंत वाहून न्यायची आणि खत करायचं. सांडपाणी येत राहील तोवर ती पुन्हा येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी जातो, कारण एक फायदा कोणी सांगत नाही: ती जिथे सर्वांत दाट, तिथून थोडं वर गेलं की एखादा उघडा पाइप सापडतोच. त्या पाइपांचा नकाशा आमच्याकडे आहे. तक्रार करताना 'नदी घाण आहे' म्हणण्यापेक्षा 'या पुलाखालचा, डाव्या काठाचा पाइप' म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

टेकडीकर, पुणे

ताई, माझा सूर जरा उलटा. वेताळ टेकडीवर पहाटे पाण्याचे कॅन वाहणाऱ्यांतला मी. पण हल्ली कॅन उचलण्याआधी 'इथे झाड हवंच का' असं विचारतो. आपल्या टेकड्या मुळात गवताच्या, मधूनमधून सालई, मोई, गणेर, मेडशिंगी. उघड्या दिसतात म्हणून गेल्या शतकात तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरचं झाड लावलं गेलं. पटकन वाढतं, पाणी मागत नाही. पण त्याच्या दाटीखाली इथलं काही धड वाढत नाही, आणि तोडलं की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटतं. आम्ही आता एखादं मोईचं किंवा धावड्याचं रोप आपोआप आलेलं दिसलं की त्याच्या भोवतीचं गिरिपुष्प विरळ करतो. वनखात्याची लेखी परवानगी घेऊन. तिच्याशिवाय कोयता लावू नका.

आणि होळीच्या आधी जाळरेषा. गवत कापून पट्टे मोकळे ठेवायचे, म्हणजे वणवा तिथे अडतो. या कामाला फोटो येत नाही म्हणून माणसंही येत नाहीत. रोपांच्या कार्यक्रमाला मात्र बसेस भरून. टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, हे त्या बसवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं.

झाडीपट्टीतली बाई, गोंदिया

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या भंडारा-गोंदियाकडे तलाव जुने, कोहळी लोकांनी शतकांपूर्वी बांधलेले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावाने सांगतात. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणं, पाळ (तलावाचा बांध) राखणं हे कुणाचंच काम उरलं नाही. त्यात बेशरम आली, पाणथळीत माजणारं झुडूप. फुलं देखणी, गुरं तोंड लावत नाहीत, पाण्यात उभी राहून तलाव गिळते.

बाहेरच्यांना तलाव म्हणजे पाणी. धीवरांना, म्हणजे मासेमारांना, विचारा, ते तळाबद्दल बोलतील. तळात वनस्पती नाही तर मासा नाही. आमच्या भागातल्या धीवर बायकांनी हे काम हातात घेतलं तेव्हा मी वहीत हिशेब लिहायला जात होते. पुढे चिखलातही उतरले.

काम असं चालतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट खणायची. नुसती कापली तर तुकडा न् तुकडा फुटतो, पाळीवर फेकलेली फांदीसुद्धा ओल मिळाली की उभी. म्हणून वाळवून जाळायची. मग तलावाच्या तळावर नांगर, कारण गुरांच्या पायांनी माती दगड झालेली असते. पाऊस पडून तळात पाणी साठायला लागलं की दुसऱ्या, चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती धानाच्या रोवणीसारख्या हाताने रोवायच्या. पाण्याखाली राहणाऱ्या, पानं तरंगवणाऱ्या, काठावरच्या, अशा तिन्ही जातींच्या. एकीवर मासा अंडी घालतो, दुसरीत पिल्लं लपतात, तिसरीत पाणपक्षी बसतात. त्या कोणत्या तलावातून आणायच्या हे पुस्तकात नाही, म्हाताऱ्या बायकांना माहीत आहे.

खरं भांडण रोवणीनंतरचं. मच्छीमार सोसायटीला रोहू-कतल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायची असतात, कारण वजन लवकर भरतं. त्यात कोणी गवत्या मासा सोडला तर रोवलेलं सगळं त्याच्या पोटात. बैठकीत बायका मागे बसत. आता पुढे बसतात, आणि 'गवत्या नाही' हे ठरावात लिहून घेतात. मरळ आणि बारके गावठी मासे पुन्हा जाळ्यात यायला लागले तशी पुरुषांची कुरकुर कमी झाली. बंद झाली असं म्हणणार नाही.

एक टोचून सांगते. इथल्या बाईचा एक दिवस चिखलात गेला म्हणजे तिची त्या दिवसाची रोजी गेली. शहरातल्या मंडळींना रविवार मोकळा असतो. दोन्हीला श्रमदान म्हणताना जरा विचार करावा.

धागा काढणारी

बाई, शेवटचा परिच्छेद आमच्या गटात वाचून दाखवणार आहे.

खाडीवाला, ठाणे

आमचं तिवरांतलं, म्हणजे खारफुटीतलं, प्लास्टिक काढायचं काम. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांच्यावर पिशव्या आणि गोणपाटं बसली की झाड गुदमरतं. ओढून काढायचं नाही, मुळं मोडतात. कात्रीने कापून सोडवायचं.

नव्या लोकांची पहिली अडचण वेळ. नऊ वाजता या म्हटलं आणि नऊला भरती, तर काठावर उभं राहून सेल्फीच. आमच्या गटातले कोळी काका मोबाइल बघत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे सहा तासांनी ओहोटी दहाच्या आसपास: रविवारी पंचमी आली की आमची चांदी. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीनंतर जाल तर कचरा वरपर्यंत चढलेला मिळतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, खालच्या खालीच राहतो.

रोपं लावण्याच्या आम्ही भानगडीत पडत नाही. भराव टाकून अडलेला पाण्याचा मार्ग मोकळा झाला की बिया भरतीबरोबर स्वतःच येऊन रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली तिवरतोडीला मनाई केली आहे, त्यामुळे भराव दिसला की फोटो, तारीख, जागा, आणि तक्रार.

माणदेशी

वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या उन्हाळ्यात, 2018 ला, गावाने डोंगरउताराला आडवे सलग समतल चर खणले. ते अजून पाणी धरतात, थोडे गाळाने भरलेत. चराच्या बांधावर मात्र गवत टिकेना, कारण शेळ्या. कोणी म्हणालं चराईबंदी करा. बंदी सोपी, पण ती नेमकी धनगरांवर पडते. आमच्याकडे शेवटी डोंगर वाटून घेतला: एक बाजू बंद, दुसरी चालू, आणि फिरवत राहायची. बंद बाजूला पवन्याचं गवत परत आलं. धनगरांनीच राखण केली, कारण पुढच्या साली ते त्यांच्याच शेळ्यांना मिळणार होतं.

सिडनीहून एक

मी इथल्या एका बुशकेअर, म्हणजे रान राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या, गटात जाते. लेन कोव्ह नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. पहिल्या दिवशी हातात काय आलं? घाणेरी! सातारा ते सिडनी, तीच ती. दोन्हीकडे पाहुणी, मूळची अमेरिका खंडातली.

इथे एक पद्धत चालते, जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी मोसमन भागात 1960 च्या दशकात बसवलेली. चांगल्या रानाकडून बिघडलेल्याकडे जायचं. आपला स्वभाव उलटा, आधी जिथे सगळ्यात जास्त तण तिथे तुटून पडायचं. त्यांचं म्हणणं, जिथे रान जवळजवळ शाबूत आहे तिथलं थोडंसं तण काढा, माती कमीत कमी उकरा, आणि रान स्वतः जितक्या वेगाने पसरेल तितकंच पुढे सरका. रोप लावायची वेळ क्वचित येते. बी मातीत असतंच. सुरुवातीला मला हा आळशीपणा वाटला होता. आमच्या पर्यवेक्षक बाई तर घाणेरीचं सगळं जाळंही एकदम काढू देत नाहीत, कारण निळ्या रेन पक्ष्यांची घरटी त्यात असतात. तुकड्या-तुकड्याने.

पाण्याशी संबंध असा: इथली वालुकाश्माची माती फॉस्फरसने गरीब, आणि बँक्सियासारखी झाडं त्या गरिबीलाच सरावलेली. वरच्या घरांच्या बागांतलं खत पावसाच्या गटारांतून ओढ्यात उतरतं, काठाची माती सुपीक होते, आणि तण माजतं. म्हणजे पुण्याच्या ताईंचा पाइप इथेही आहेच, फक्त स्वच्छ दिसतो.

जाण्याआधी बुटांचे तळवे घासून स्पिरिट मारायचं, मुळं कुजवणारा रोग एका रानातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. हे आपल्याकडे कोणी करतं का?

टेकडीकर, पुणे

बूट नाही, पण गाजरगवतात काम केल्यावर कपडे झटकतो. बी चिकटून येतं.

मालवणी माणूस

आमच्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला काँक्रीटची भिंत घालायचं घाटत होतं. काही जण खूश, जमीन वाचेल म्हणून. आम्ही गावकऱ्यांना पावसात नेऊन दाखवलं: केवडा आणि शेरणीची झुडपं आहेत तिथला काठ जाग्यावर, साफसफाई केली तिथला ढासळलेला. आता अर्ध्या लांबीला भिंत आणि अर्ध्याला केवडा, अशी तडजोड आहे. केवड्यात साप असतात म्हणून वरच्या वाडीची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही.

नवीन सभासद, भोर

नीरेच्या काठाला वाळुंज लावायचाय. रोपवाटिकेत विचारलं तर सगळीकडे गुलमोहर दाखवतात. कुठे मिळेल?

धागा काढणारी

रोप शोधू नका. त्याच नदीवर वरच्या बाजूला जुना वाळुंज असेल, त्याची अंगठ्याएवढी फांदी पुरे. पूर ओसरल्यावर, काठ ओला असताना खोचायची, आधी नाही, नाहीतर वाहून जाईल. आणि म्हशी कुठून उतरतात ते बघून, ती वाट सोडून लावा.