भोकाचा पैसा आणि लांबचं युद्ध

गोदाकाठ
माळा आवरताना डालड्याच्या जुन्या डब्यात भोकाचा पैसा निघाला, १९४३चा. घरातल्या पोरांना तो वॉशर वाटला! त्यावरून हा धागा. युद्ध लागतं युरोपात, नाहीतर आखातात. नाशकात ते आधी कशात दिसतं? ज्याला ज्यातलं कळतं त्याने तेवढंच लिहा. काय, किती, कसं. आमच्या वेळी असं होतं छापाच्या आठवणी नकोत, त्यासाठी कट्टा आहे.

सुरुवात पैशापासूनच. आधीचा पाव आणा पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरायचा. भोकाचा जेमतेम दोन. किंमत तीच, रुपयाला चौसष्ट. तांबं युद्धाच्या कामाला लागत होतं, म्हणून नाण्याचं पोटच कापलं. १९४७पर्यंत हीच नाणी पाडली.

सराफगल्ली
रुपयाचंही तेच झालं की. १९३९पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी. १९४०पासून थेट ५० टक्के. वजन मात्र तेच, ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. लक्ष्मीपूजनाच्या ताटातले सहाव्या जॉर्जचे रुपये मोडायला नेता तेव्हा साल बघून न्या. १९४४, ४५चा असेल तर सराफ निम्म्याच चांदीचे पैसे देणार, तो फसवत नसतो. कड बघा, दातांच्या मधोमध नक्षीची बारीक खोबण दिसेल. चांदी कमी झाल्यावर खोटं नाणं पाडणं सोपं होतं, म्हणून ती घातली. १९४७चा रुपया तर निव्वळ निकेल, चुंबकाला चिकटतो.

बोहारीण
आत्ता चुंबक लावून आले. पाचपैकी दोन चिकटले 😭

नाशिकरोडकर
पहिल्या महायुद्धातही चांदीचाच तुटवडा. लोक रुपये घरात दाबून ठेवायला लागले, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची नोट काढली. १९१८मध्ये अडीच रुपयांची. दोन्ही विलायतेत छापून बोटीने यायच्या. बोट बुडाली तर नोटाही बुडाल्या. पोस्टाची तिकिटंही तिकडूनच यायची. आपला नाशिकरोडचा छापखाना त्यानंतरचा. १९२५-२६ला तिकिटं, १९२८ला नोटा. १९४०ला एक रुपयाची नोट परत काढावी लागली.

ओझरवाला
‘युद्ध लागतं’ हे कसं लागतं तेही लिहू का? २८ जून १९१४ला साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात. ३७ दिवस. त्यातले पहिले २५ दिवस वरवर शांत. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली आणि पुढचं सगळं रेल्वेच्या वेळापत्रकाने ओढत नेलं. सैन्य गोळा करायचं म्हणजे हजारो गाड्या ठरल्या मिनिटाला सोडायच्या. मधेच थांबवलं तर निम्मं सैन्य एका ठिकाणी, दाणागोटा दुसरीकडे, आणि शेजारी तोवर तयार. म्हणून एकाने सुरू केलं की दुसऱ्याला थांबवेना. रशिया ३० जुलैला, जर्मनी १ ऑगस्टला. आपल्याला कोणी विचारलंच नाही. १९३९लाही तेच, ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोने परस्पर जाहीर केलं, त्यावरून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आपल्या मुंबई प्रांतात खेरांचं होतं.

रॉकेलचा डबा
२२ सप्टेंबर १९१४, एमडेन ही जर्मन क्रूझर मद्राससमोर आली आणि बर्मा ऑइलच्या टाक्या पेटवून गेली. तेव्हा दिवा, स्टोव्ह सगळं रॉकेलवर. १९४२च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा तर रॉकेलही तिथलं आणि तांदूळही तिथलाच, वर्षाला दहा लाख टनांहून जास्त. दोन्ही एकदम बंद. मुंबईत मे १९४३मध्ये रेशनिंग आलं ते उगाच नाही.

खरवस
रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी, तीच ना?

रॉकेलचा डबा
नाही हो ताई. मिलो पुष्कळ नंतरची, अमेरिकेची, ७२च्या दुष्काळातली. बरोबर सुकडी. गल्लत होते सगळ्यांची.

द्राक्षवेल, पिंपळगाव
फोनवरून लिहितेय, चुका समजून घ्या. आजचं युद्ध आमच्याकडे द्राक्षाच्या पेटीत दिसतं. नोव्हेंबर २०२३पासून लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बऱ्याच जहाज कंपन्या सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या. न्हावाशेवा ते रॉटरडॅम तीन-साडेतीन आठवडे, ते पाच-सहा झाले. भाडं वाढलं हे सगळे बोलतात. खरी गोची पॅडची, म्हणजे बुरशी धरू नये म्हणून पेटीत ठेवतात त्या गॅस सोडणाऱ्या कागदाची.

नीट सांगते. खुडा सकाळी उन्हाच्या आत, मणी १६ मिमीच्या वर, साखर १६ ब्रिक्सच्या वर. पाच किलोची पेटी, आत अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे. प्रीकूलिंगला पेटीतली पिशवी उघडी ठेवायची, सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान शून्य-एकवर आणायचं. मगच वर सल्फरचं पॅड ठेवून पिशवी बंद. गरम मालावर पॅड ठेवून बंद केलं की पिशवीत दव धरतं, पॅडला पाणी लागतं, सगळा गॅस एकदम सुटतो. देठाजवळ मणी पांढरे पडतात, ते काही परत हिरवे होत नाहीत.

पॅड दोन थरांचं असतं. एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत काम करतो, दुसरा हळूहळू पुढचे काही आठवडे. वळशात हा दुसरा थरच संपतो. मग राखी बुरशी, तपकिरी देठ, मणीगळ. आमच्यातले काही म्हणाले दोन पॅड टाकू. टाकून बघा! युरोपात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम, तिथे कंटेनर अडकेल. त्यापेक्षा लांबच्या बोटीला कडक, पक्का माल निवडा, ढिला घड इकडेच विका. तापमान नोंदवणारा डेटा लॉगर मालात ठेवा. बाकी रिकामे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, परत यायलाही तेवढेच दिवस जास्त, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या ऐन हंगामात कंटेनर मिळत नाही. दूध उतू गेलं वाटतं, येते.

नाशिकरोडकर
वर विम्याचं राहिलं. जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्ध धरत नाहीत, ते कलम वेगळं विकत घ्यायचं. विमावाले ते साधारण सात दिवसांच्या नोटिशीवर काढून घेऊ शकतात. गोळी सुटायच्या आधी भाव वाढतात ते यामुळे.

पालाशराव
खताचं मी. २४ फेब्रुवारी २०२२नंतर रशिया-बेलारूसची पोटॅश अडली, एमओपीची (म्युरिएट ऑफ पोटॅश) ५० किलोची गोणी १७०० रुपयांवर गेली. द्राक्षाला एमओपी टाकूच नका म्हणतो तरी, त्यात क्लोराइड, पानाच्या कडा करपतात. पण एमओपी चढली की ०:०:५०, म्हणजे सल्फेटचं पोटॅश, ते पण चढतं. शोनाइट चालतं, पालाश २३ टक्केच, मॅग्नेशियम वर. निम्म्याहून कमी ताकद आहे हे धरून हिशोब करा, गोणीला गोणी नाही.

खरवस
आणि सूर्यफूल तेल? ते तेव्हा युक्रेनचंच यायचं ना बरंचसं? दिवाळीचं सगळं शेंगदाणा तेलात करायचं म्हणजे...

बोहारीण
पामतेल मिसळा निम्मं. चकली खुसखुशीत होते, गार झाल्यावर तोंडाला जरा राप बसतो एवढंच.

देवळालीकर
चकलीत अडकू नका 😀 ब्लॅकआऊट कोणीच लिहिला नाही. ७ मे २०२५च्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड तिन्ही होती. वरखाली होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी लांब भोंगा म्हणजे मोकळीक. हे अजून निम्म्या लोकांना उलटं वाटतं. ७१च्या युद्धातली रीत: खिडकीला काळा किंवा तपकिरी कागद, काचेवर आडव्यातिडव्या पट्ट्या म्हणजे फुटली तरी उडत नाही, गाडीच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा. चर सरळ खणायचा नाही, झेड आकारात. सरळ चरात एका टोकाला पडलेल्या बॉम्बची कपची दुसऱ्या टोकापर्यंत जाते. पावसाळ्यात गोदेकाठच्या काळ्या मातीत चर लगेच ढासळतो, बाजूला फळ्या हव्यात.

ओझरवाला
आत्ता भोंग्याला घाबरायचं तर सिलिंडरला जास्त घाबरा. आपला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून, त्यातला बहुतेक आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून.

सराफगल्ली
गोदाकाठ, तो पैसा चिंचेने घासू नका हं. हिरवट काळा तसाच ठेवा. चकचकीत नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत.

गोदाकाठ
बायकोने कालच पितांबरी लावली.