उत्तर: फिल्टर काढल्यावर फोकस का हुकतो

आकाशाचे फोटो काढायला कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरची (प्रतिमा टिपणाऱ्या चिपसमोरची) फिल्टरची काच काढली, तर लेन्स अनंतावर, म्हणजे ताऱ्यांसारख्या खूप दूरच्या गोष्टींवर, फोकस का होत नाही, असा प्रश्न आहे. काचेमुळे फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकलेला असतो. काच गेली की तो पुढे, लेन्सच्या बाजूला येतो आणि सेन्सरवर पडत नाही. काच काढायला सेन्सरचे स्प्रिंगवाले तीन स्क्रू सोडवताना प्रत्येकाचे फेरे मोजून लिहा, नाहीतर परत बसवताना सेन्सर तिरका राहतो आणि फोटोचा एक कोपरा कायम धूसर. दुर्बिणीला जोडणार असाल तर तिचा फोकसर (फोकस जुळवणारा भाग) हा फोकसचा फरक सांभाळून घेतो. कॅननमध्ये फक्त मागची, सेन्सरलगतची निळसर काच काढा, धूळ झटकणारी पुढची राहू द्या. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३०० व्होल्ट उरतात! आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे काम नकोच. दमट हवा आत कोंडते.